अत्तर लावा, पण गिऱ्हाईक सांभाळून

बस्त्याचे गिऱ्हाईक हातचे गेले की कापडवाल्याला त्या रात्री जेवण गोड लागत नाही. भाव जमला नाही, माल पसंत पडला नाही, उधारीवर बिनसले, अशी त्याची नेहमीची कारणे असतात आणि ती आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. पण एक बस्ता आमच्या हातून निव्वळ अत्तरापायी गेला. सांगायला थोडी शरम वाटते. तरी आपल्या दुकानदार आणि कारागीर बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

सन २०१२चा एप्रिल महिना. लग्नसराई ऐन भरात होती. आदल्याच वर्षी आम्ही दुकानाला काचेचे दार आणि ए.सी. बसवला होता. सकाळी पहिलेच गिऱ्हाईक म्हणून शेजारच्या तालुक्यातील एक शेतकरी कुटुंब जीप करून आले, लहानथोर मिळून अकरा माणसे. या घराशी आमच्या वालिदांच्या वेळेपासूनचा व्यवहार. नेमका त्याच आठवड्यात आमचा भाचा दुबईहून आला होता आणि त्याने आमच्यासाठी ऊदच्या तेलाची पाव तोळ्याची बाटली आणली होती. चीज अव्वल, त्यात वाद नाही. आम्ही ती दोन्ही मनगटांना, दाढीला आणि वर कुर्त्याच्या छातीवर फासली. दुकान उघडताना रिवाजाप्रमाणे लोबान फिरवलाच होता. आमचे जुने सेल्समन वयाने आमच्याहून मोठे. ते हळूच म्हणाले, "शेठ, आज जरा जादा झालंय." आम्ही हसून विषय उडवला.

तीस-चाळीस साड्या उलगडून झाल्या असतील. नवरदेवाच्या आईला दम्याचा त्रास होता, हे आम्हांला नंतर कळले. ती खोकू लागली. पाणी दिले, दार उघडले, तरी खोकला थांबेना. शेवटी मुलाने तिला बाहेर नेले आणि शेजारच्या भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसवले. ती पुन्हा आत यायला तयार होईना, आणि आईला ओट्यावर सोडून बस्ता कोण बांधणार? तासाभराने तीच अकरा माणसे समोरच्या दुकानाच्या गादीवर बसलेली आम्ही आमच्याच काचेतून पाहिली. सत्तर-ऐंशी हजारांचा बस्ता होता. पैशाचे एक वेळ सोडा, वालिदांनी जोडलेले घर होते ते.

त्या रात्री हिशेब लिहिताना विचार केला, की वालिद तर रोज हिना लावून गादीवर बसत. त्यांच्याविरुद्ध कधी कोणाची तक्रार आली नाही. मग आमच्याच वाट्याला हे का आले? उत्तर दुकानाच्या दारातच होते. वालिदांचे दुकान रस्त्याच्या बाजूने सताड उघडे होते. वर पंखा फिरे आणि खुशबू आली तशी निघून जाई. आता काचेच्या आत तीच हवा ए.सी. पुन्हा पुन्हा फिरवतो. सकाळी आठला लावलेला लोबान आणि साडेनऊला लावलेले ऊद दुपारी दोनपर्यंत तिथेच कोंडून राहते. आपल्या बाजारांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत किती दुकाने अशी बंद काचेची झाली, ते पाहावे. अत्तराची सवय मात्र उघड्या दुकानाची राहिली आहे.

दुसरी गोष्ट नाकाची. माणसाचे नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावते आणि मग तो त्याला जाणवेनासा होतो. आपण समजतो की अत्तर उडाले. म्हणून पुन्हा लावतो, आणि समोरच्याला दुप्पट त्रास होतो. जो रोज एकच अत्तर लावतो त्याचे तर फारच अवघड, कारण त्याला स्वतःचे माप कधीच कळत नाही. ते दुसऱ्याने सांगावे लागते. घरची माणसे सांगतात, दुकानातले जुने नोकर सांगतात, फक्त आपण ऐकावे लागते. गिऱ्हाईक मात्र सांगत नाही, ते उठून जाते.

इथे थोडी आमच्या भाषेचीही गंमत सांगतो. आम्ही शिकलो उर्दू शाळेत. दुकानात नवीन बसू लागलो तेव्हा एक मास्तर आले आणि म्हणाले, "आज दुकानात भलताच वास सुटलाय." आम्हांला वाटले तारीफ केली, म्हणून आम्ही त्यांचे शुक्रिया मानले. वालिद आत बसून हसत होते. मराठीत खुशबू असेल तर लोक सुवास किंवा सुगंध म्हणतात. नुसता वास म्हटले की दुकानदाराने समजून घ्यावे आणि खिडकी उघडावी.

आता अत्तर आणि स्प्रे यांतला फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण लावण्याची पद्धत त्यावरच ठरते. कन्नौजचे जुन्या पद्धतीचे अत्तर तांब्याच्या डेगमध्ये तयार होते. फुले आणि पाणी डेगमध्ये घालून तोंड मातीने बंद करतात, खाली विस्तव लावतात, आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपक्यात आधीपासून चंदनाचे तेल असते आणि भपका थंड पाण्याच्या हौदात ठेवलेला असतो. फुलाची खुशबू त्या चंदनात मुरते. म्हणजे अत्तर हे तेल आहे. ते सावकाश उठते, अंगाच्या उबेने हळूहळू खुलते आणि अंगाजवळच राहते. स्प्रे असतो अल्कोहोलमध्ये. तो मारल्याबरोबर उडतो, पाच-दहा मिनिटे सगळीकडे पसरतो आणि मग खाली बसतो. म्हणून स्प्रे मारून लगेच दुकानात किंवा रिक्षात बसू नये. घरून निघण्याआधी पाव तास मारावा. अत्तराला हवा नको, कातडी हवी.

आम्ही आता असे करतो. आंघोळ झाली की अंग कोरडे करायचे. कातडी फार कोरडी असेल, विशेषतः थंडीत, तर खोबरेल किंवा व्हॅसलीनचा नुसता हात लावायचा, म्हणजे अत्तर जास्त वेळ टिकते. मग बाटलीच्या काचेच्या सळईचे टोक एकदा डाव्या मनगटाला आणि एकदा गळ्याखालच्या खळगीला लावायचे, बस्स. मनगटे एकमेकांवर घासायची नाहीत, टेकवायची. कपड्याला लावायचे नाही. स्प्रे असेल तर वीतभर अंतरावरून छातीवर, बनियनच्या आत, दोन वेळा. वरून सदरा आला की खुशबू दबून निघते. जुने लोक कानाच्या पाळीच्या वरच्या घडीत अत्तराचा फाया ठेवत. त्यात मोठी अक्कल होती. कापूस अत्तर धरून ठेवतो, आणि गळाभेट घेणाऱ्यालाच त्याचा पत्ता लागतो.

दुकानात बसायचे तर माप हेच, की गल्ल्यापलीकडच्या माणसाला खुशबू कळू नये. आपण नोट देताना हात पुढे केला तर कळली तर कळली. उन्हाळ्यात खस, गुलाब किंवा मोतिया. पावसाळ्यात मिट्टीचे अत्तर आम्हांला आवडते. कन्नौजात भाजलेल्या मातीपासून ते काढतात आणि पहिल्या पावसाची आठवण येते. हिना, शमामा, ऊद, अंबर ही जड आणि गरम समजली जाणारी अत्तरे. ती थंडीच्या दिवसांची आणि रात्रीची. एप्रिलच्या उन्हात, बंद दुकानात, अकरा माणसांसमोर आम्ही ऊद लावून बसलो, हा शहाणपणा नव्हता. लोबान आजही फिरवतो, पण दुकान उघडण्याआधी, दारे सताड उघडी ठेवून. रमजानमध्ये दिवसा फिरवतच नाही. रोज्यात अत्तर लावण्याची मनाई नाही, पण धूर जाणूनबुजून आत ओढण्यास हनफी उलमा मना करतात, आणि दुकानातली पोरे दिवसभर त्याच हवेत उभी असतात.

त्या घराचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. चार दिवसांनी आम्ही मिठाई घेऊन त्यांच्या गावी गेलो. आईची तब्येत विचारली आणि चूक आमची होती हे कबूल केले. त्यांनी चहा पाजला, बस्त्याचा विषय दोघांनीही काढला नाही. २०१५मध्ये धाकट्या मुलाचे लग्न ठरले तेव्हा तीच जीप दुकानासमोर उभी राहिली. आई दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "काय भाऊ, आज आत येऊ का?" आमचे सेल्समन आमच्याकडे बघून हसले. त्या दिवशी आम्ही काहीच लावले नव्हते.

मशिदीत प्रश्न वेगळा. जुम्म्याला गुस्ल करून, स्वच्छ कपडे घालून, असेल ती खुशबू लावून जाणे सुन्नत, हे सर्वांना ठाऊक आहे. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, हेही सर्वांना ठाऊक आहे. दोन्हींचा हेतू एकच, शेजाऱ्याला त्रास होऊ नये. सफेत खांद्याला खांदा लागतो, आणि सजद्यात कपाळ जिथे टेकते तिथे आदल्या नमाज्याची दाढी टेकलेली असते. गालिच्यात मुरलेले ऊद आठवडाभर जात नाही. तेव्हा जुम्म्यालाही एक सळई पुरे. मशिदीच्या दारात कोणी मित्र आपल्या बाटलीतून लावू लागला तर नाकारू नये, खुशबू परत करणे बरे नाही. पण तळहात पुढे न करता हाताची पाठ पुढे करावी. तळहाताला लागलेले अत्तर मग मुसाफ्यात वीस जणांना लागते. आणि आपल्या गुलाबावर त्याचे शमामा चढले की दोन्हींचे मातेरे होते. कपडेवाला असाल तर नमाजानंतर दुकानात शिरताना हात साबणाने धुऊनच शिरावे. का ते पुढे सांगतो.

लग्नात मात्र हात सैल सोडायला हरकत नाही. यजमानाने दारात पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावणे आणि गुलाबदाणीने गुलाबपाणी शिंपडणे ही आपली तहजीब आहे आणि महाराष्ट्रातल्या सर्वच समाजांत ती मानाची समजली जाते. रात्रीचा समारंभ असेल, मैदानात मांडव असेल, तर हिना-शमामा खुशाल लावावे. पण शेरवानीवर नाही. जरीच्या कामावर तर मुळीच नाही. जर आतून तांब्याच्या तारेची असेल तर स्प्रेने ती लवकर काळी पडते. पैठणीच्या काठावर, बनारसीच्या पदरावर सेंट मारून मग "तुमची जर हलकी निघाली" म्हणून भांडायला आलेली गिऱ्हाइके आम्ही पाहिली आहेत. कधी जर खरेच हलकी असते, ते वेगळे. पण विकतानाच सांगून ठेवले तर भांडण वाचते. मोत्यांच्या दागिन्यांचेही तेच. आधी खुशबू, ती सुकली की मग मोती. गुलाबदाणीचे पाणीसुद्धा रेशमावर थेंबाचे डाग सोडते, तेव्हा ते डोक्यावरून हलके उडवावे, अंगावर नेम धरून नव्हे.

मय्यतीच्या घरी किंवा ताजियतीला जाताना काही लावू नये. इद्दतीत बसलेल्या बाईला खुशबू वर्ज्य असते, तिच्या घरी आपण घमघमत जाणे शोभत नाही. दवाखान्यात पेशंटला भेटायला जातानाही नको. आजाऱ्याला, बाळंतिणीला, पोटुशी असलेल्या बाईला साधा वाससुद्धा मळमळ आणतो. उमरा-हजला जाणाऱ्यांना हे सांगण्याची गरज नाही, पण तरीही चुका होतात. इहराम बांधल्यावर खुशबू बंद म्हणजे खुशबूचा साबण आणि क्रीमही बंद. बॅग भरताना हे पाहून घ्यावे.

माल घ्यायला सुरतेला जाताना आम्ही स्टेशनवर हात धुतो. ए.सी. डब्यात वर-खाली सहा माणसे झोपलेली असतात आणि पडदे ओढलेले असतात. शिवाय एक धंद्याची बाब आहे. घाऊक मार्केटात आपण ताका नाकाजवळ नेतो. कोऱ्या कापडाला खळीचा वास असतो, ओलीत राहिलेल्या मालाला कुबट वास असतो, जळक्या फिनिशिंगचा आणखी वेगळा. आपल्याच मनगटावरून अत्तर येत असेल तर कुबट ताका कळणार कसा? आमच्या एका दोस्ताने पावसाळ्यात असाच भिजून वाळवलेला माल घेतला आणि दुकानात आल्यावर त्याला बुरशी निघाली. मसाल्याचे, चहापत्तीचे, धान्याचे व्यापारी हे आमच्यापेक्षा चांगले जाणतात. त्यांचा अर्धा व्यवहार नाकावर चालतो.

कारागीर बांधवांसाठी दोन शब्द. चहापत्ती, लोणी, खवा, मैदा हे बाहेरचा वास पटकन ओढून घेतात. हलवाई, बेकरीवाले, चहावाले यांनी कामाच्या वेळी हाताला काही लावूच नये. नानखटाईला मजमुआचा वास आला तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार नाही. वेल्डिंगवाले, तंदूरवाले, इस्त्रीवाले यांनी भट्टीजवळ उभे राहून स्प्रे मारू नये. अल्कोहोल आहे, पेट घेते. उन्हात उभे राहून धंदा करणारे, हातगाडीवाले, आठवडी बाजार करणारे यांनी लिंबू-संत्र्यासारख्या वासाचे सेंट मानेला लावू नये. त्यांतल्या काही अर्कांवर ऊन पडले की कातडीवर काळे चट्टे उठतात आणि ते महिनोन्महिने जात नाहीत. घामावर सेंट मारण्याची सवय तर सर्वांनीच सोडावी. घाम आणि सेंट मिळून जे तयार होते त्याला कोणत्याच भाषेत खुशबू म्हणत नाहीत. बादलीभर पाणी आणि धुतलेला सदरा हे त्यावर खरे औषध.

शिंपी, जरदोजीवाले आणि आम्ही कापडवाले यांची गोष्ट सर्वांत नाजूक. शमामा गडद तपकिरी, ऊद काळसर, जाफरानी अत्तर पिवळे. बोटाला राहिलेला ठिपका पांढऱ्या-क्रीम मालावर उतरला की संपले. आमच्याच हातून शेरवानीच्या क्रीम रेशमावर, अडीच मीटर कापून झाल्यावर, बोटाएवढा डाग पडला. घाईत आम्ही वरून इस्त्री फिरवली. ते सर्वांत वाईट केले, कारण उष्णतेने तेल धाग्यात बसते. तो तुकडा आमच्या घरी लोडाच्या खोळीत गेला. डाग पडलाच तर चोळू नये, पाणी लावू नये. वर टाल्कम पावडर, खडूची पूड किंवा मुलतानी माती जाड थरात टाकून रात्रभर ठेवावी, सकाळी मऊ ब्रशने झाडावी, आणि तरी राहिला तर ड्रायक्लीनवाल्याकडे द्यावा. देताना "अत्तराचा डाग आहे" हे स्पष्ट सांगावे, म्हणजे तो आधी इस्त्री करणार नाही. स्प्रेचा डाग निराळा. अल्कोहोलने काही रंगच सुटतो. कोटाच्या ॲसिटेट अस्तराला तर हमखास गोल चट्टा पडतो, आणि तो काही केल्या जात नाही.

खरेदीविषयी थोडक्यात. खऱ्या चंदनाचे तेल फार महाग झाल्यामुळे बाजारातल्या बहुतेक स्वस्त अत्तरांत पॅराफिनसारखे बिनवासाचे तेल असते. ते वापरणे हराम-हलालचा मामला नाही, पण चंदनाच्या भावाने विकणे हा धोका आहे. मुंबईत मोहम्मद अली रोडला किंवा कुठेही घ्या, एका वेळी तीनपेक्षा जास्त हुंगू नका. हाताच्या पाठीवर लावून घ्या आणि बाहेर चहा पिऊन या. अर्ध्या तासाने जे उरते ते तुमचे अत्तर. पहिल्या झटक्यात जे नाकात भरते ते विकणाऱ्याचे. कातडी नाजूक असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावे. प्रथमच घेत असाल तर तोळ्याची बाटली नको, पाव तोळा, म्हणजे बाजारातली ३ मिलीची बाटली, भरपूर होते. दिवसाला दोन सळया लावल्या तर ती महिने चालते.

बाटली उन्हात किंवा दुकानाच्या काचेत ठेवू नये, अंधाऱ्या कपाटात ठेवावी. खिशात ठेवायची झाली तर झाकणाला थोडे मेण लावून. आणि गल्ल्यात ठेवू नये. आमची एकदा गल्ल्यात सांडली होती. पुढचे आठ दिवस बँकेतला कॅशियर आमच्या भरण्याच्या नोटा हुंगून मोजत होता.